चौदावं रीळ

१० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझी खुर्ची गेली. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस आणि तुला काडीचंही ऐकू येत नाही, हे वहिनींनी मला केव्हाच फोडून सांगितलंय. जन्मभर त्या मशिनीच्या खडखडाटात उभा राहिलास, त्याचं हे फळ. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आमचं जुन्या सिनेमांचं मंडळ तुला माहीत आहे. दर रविवारी दुपारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, आम्ही बारा-तेरा म्हातारे जमतो. दंतवैद्य चिठ्ठी काढतात आणि एखाद्या सिनेमाच्या गोष्टीतले तीन इशारे वाचतात. नटनट्यांची नावं नाहीत, गाणी नाहीत, नुसती गोष्ट. पहिल्या इशाऱ्यात ओळखला तर पाच गुण, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक. वर्षअखेर ज्याचे गुण जास्त, त्याने पुढचं वर्षभर एका पाडलेल्या थिएटरातल्या खऱ्याखुऱ्या लाकडी खुर्चीवर बसायचं. बाकीच्यांनी प्लॅस्टिकच्या स्टुलांवर. चार वर्षं त्या खुर्चीवर मी बसले रे दादा. माझी पाठ तिला ओळखायला लागली होती.

परवा शेवटची फेरी झाली. मी आणि तारमास्तर बरोबरीत. हे गृहस्थ तार ऑफिसातून निवृत्त झालेत, पण बोलतात अजून शब्द मोजून. दंतवैद्यांनी पहिला इशारा वाचला: खलाशाची बायको रोज संध्याकाळी कंदील घेऊन धक्क्यावर जाते. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ओरडले. आपला 'बोटीचा'! (बाबांच्या धाकाने सिनेमांना ठेवलेली टोपणनावं माझ्या हातून अजून सुटत नाहीत. मंडळात मात्र खरं नाव सांगितलं.) पण तारमास्तरही त्याच क्षणी ओरडले होते. मग दंतवैद्य म्हणाले की जो शेवट बरोबर सांगेल तो जिंकला. मी सांगितला. बोट येते, ती धक्क्यावरून धावत सुटते, हात उंच करून हसते, नवरा घरी येतो, समाप्त. तारमास्तर म्हणाले, खलाशी येत नाही. बुडाला. पेटी येते.

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! माझा पारा असा चढला म्हणून सांगू! मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ आमच्या गावच्या थिएटरात ऑपरेटर होता, तीन आठवडे त्याने हा सिनेमा चालवला आणि त्याच्या केबिनखालच्या शेवटच्या रांगेत शेंगा सोलत मी तो नऊ वेळा पाहिला. दंतवैद्य म्हणाले, मग त्यांच्याकडून लिहून आणा. तेव्हा तू फक्त दोन ओळी लिही आणि खाली ऑपरेटर म्हणून सही ठोक. तोवर खुर्चीवर तारमास्तर बसणार आहेत.

आमच्या यांच्या, म्हणजे तुमच्या कप्तानांच्या, हृदयाची झडप बदलायची ठरली. सोळा फेब्रुवारी. काळजी करू नकोस, मी करत नाही. ते परत येणाऱ्या जातीचे आहेत, हे आपण एकदा पाहिलंय.

जाता जाता तुला कोडं. पोस्टातला शिक्के मारणारा कारकून एका बाईची पत्रं चोरून वाचतो, आणि ती यायची थांबतात तेव्हा तो स्वतःच तिला पत्रं लिहायला लागतो. ओळख.

वहिनींना नमस्कार. सही विसरू नकोस आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारूताई


१९ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. कप्तानांच्या झडपेचं वाचून जरा चरकलो, पण हल्ली झडपा बदलणं म्हणजे नळाचे वायसर बदलण्याइतकं सोपं झालंय म्हणतात. त्यांना म्हणावं, बोटीवरच्या पन्नास माणसांचा स्वयंपाक एका हाताने करणाऱ्याने असल्या किरकोळ दुरुस्तीला भिऊ नये.

तुझं कोडं अगदीच सोपं. 'शिक्केवाला'. त्याच्या पाचव्या रिळावर डाव्या बाजूला उभा ओरखडा होता, नायिका बोलायला लागली की तिच्या नाकावरून पाऊस पडायचा. आता माझं घे: दोन बहिणी आणि एक छत्री. तिसऱ्या रिळात छत्री हरवते, बाराव्यात सापडते, मधे नुसती गाणी.

तुझ्या वहिनीचे गुडघे बरे आहेत. मी नवी कवळी बसवून घेतली, ती बोलताना टकटक वाजते, त्यामुळे घरात आल्यागेल्याला मी कुठे आहे ते कळतं. खिडकीखालचा रस्ता खणून ठेवलाय, तो बुजवायला कुणी येत नाही.

त्या बोटीच्या सिनेमाबद्दल म्हणशील तर खरं सांगायचं म्हणजे ऑपरेटर सिनेमा पाहत नाही. तो दिव्यातला जळता कार्बन पाहतो, रिळाचं शेपूट पाहतो, पडद्याच्या कोपऱ्यातला रीळ बदलायच्या इशाऱ्याचा ठिपका पाहतो. शेवट काय होता ते आता नीट आठवत नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाची साक्ष कोण धरतो? एका खुर्चीसाठी इतकं काय ते. स्टुलावर पाठ ताठ राहते.

कप्तानांना जप. तुझ्या दादाला मनातून काढू नकोस म्हणजे झालं.

तुझा,
दादा

ता. क. हे पत्र तुझ्या दादाने चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलंय. कशासाठी ते त्यालाच विचार. – वहिनी


२७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न.

आज वि. वि. वगैरे काही नाही. मला राग आलाय.

पाचव्या रिळावरचा ओरखडा डाव्या बाजूला होता की उजव्या, हे ज्याला आठवतं, त्याला बोटीच्या सिनेमाचा शेवट आठवत नाही? दादा, मी तुझ्या मांडीवर वाढलेली पोर. तू कधी खोकतोस आणि कधी खोकल्याचं सोंग करतोस, हे मला कळतं. तारमास्तरांची भीड पडली की काय तुला? त्यांना तू ओळखतही नाहीस.

आणि एका खुर्चीसाठी इतकं काय, असं विचारतोस, तर ऐक. त्या वर्षी यांची बोट बेपत्ता झाली होती. कंपनीचं पत्र आलं की संपर्क नाही. पत्र वाचून मी तुमच्याकडे राहायला आले, थिएटरमागच्या त्या दोन खोल्यांत. लेक सात महिन्यांची पोटात. घरातलं कुणी माझ्यासमोर धड बोलेना. सगळे पायांचा आवाज न करता चालायचे, जणू घरात कुणी गेलंच आहे. त्या शुक्रवारी दुपारी तीनच्या खेळाला मी येऊन बसले आणि ती बाई धक्क्यावरून हात उंच करून धावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी मी पोटभर जेवले, हे वहिनींना विचार. आणि चाळीस दिवस उशिरा का होईना, हे आले. त्यानंतर लेकीचा ताप असो, यांची नोकरी जाणं असो, मी डोळे मिटून तो हात उंच करते. आता सोळा तारखेलाही तेच करणार आहे. आणि तारमास्तर म्हणतात, पेटी येते!

दंतवैद्यांना कुणा संग्रह करणाऱ्याकडे या सिनेमाची जुनी प्रत सापडली आहे. बारा फेब्रुवारीच्या रविवारी दुपारी ती शाळेच्या हॉलमध्ये लावणार. मी सगळ्यांसमोर सांगून बसले आहे की माझं खोटं ठरलं तर मी मंडळात पाऊल टाकणार नाही. तेव्हा सही पाठव किंवा नको पाठवूस, बारा तारखेला दूध का दूध होईल.

'दोन बहिणी' मी पहिल्या वाक्यात ओळखला. रागात असले तरी ओळखला. वहिनींना नमस्कार, तुला अर्धा.

खारूताई


२९ जानेवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहायला बसलो म्हणजे बोट बुडाली असं समजू नका. 'ही' भाजी आणायला गेली आहे, तेवढ्यात उरकतो.

तुमची अडचण मला माहीत आहे. एकेचाळीस वर्षांपासून. त्या वेळी आमचं इंजिन बिघडून आम्ही कुठल्या कुठे वाहत गेलो. शेवटी ओढत आणून बंदरात लावलं. गावाकडची गाडी दुसऱ्या दिवशी होती. वेळ जाईना म्हणून बंदराजवळच्या थिएटरात शिरलो, तर नेमका तो सिनेमा. पुरा पाहिला. पेटीसकट. खलाशाच्या कपड्यातला माणूस हुंदके देतोय म्हणून शेजारचे लोक सिनेमा सोडून मला पाहत होते.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. हिने पहिलं काय सांगितलं असेल, तर सिनेमातला आला तसेच तुम्ही आलात. मी म्हटलं, कुठला सिनेमा? हिने अख्खी गोष्ट सांगितली, आणि शेवट ऐकून मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही छताकडे पाहत होतात. छतावर काही नव्हतं, मीही पाहिलं. तेव्हाच ओळखलं ही कुणाची कारागिरी.

मी बोललो नाही कारण मला ती आवडली. पण दादा, मी जन्माचा आचारी. पदार्थात मीठ जास्त झालं तर ते काढता येत नाही, वरून पाणी ओतून लपवता तेवढं येतं. तुम्ही एकेचाळीस वर्षं पाणी ओतताय. आता भांडं भरलं. बारा तारखेला तिला चारचौघांत कळण्यापेक्षा तुमच्या अक्षरात कळू दे. माझं ऑपरेशन तोंडावर आहे म्हणून थांबू नका. खरं सांगू? मी घाबरलोय. हिच्या धिरावर उभा आहे. पण तो धीर खोट्या पायावर असेल, तर तो सोळा तारखेला ढासळण्यापेक्षा आज ढासळलेला बरा. माझ्या हाती सावरायला चार दिवस तरी राहतील.

मीच का सांगत नाही, असं म्हणाल. मी सांगितलं तर ती तुमच्यावर गप्प राहून चिडेल. तुम्ही सांगितलंत तर भांडेल. भांडण बरं.

भाजीची पिशवी जिन्यात वाजली. आहे तसं ठेवा आमच्यावर लक्ष.

आपला,
कप्तान


४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

तारमास्तरांचं बरोबर आहे.

नवी प्रत आली की गुरुवारी सकाळी मी ती एकटाच चालवून पाहायचो, कुठे जोड सुटलाय का, फिल्मच्या कडेची भोकं फाटलीत का, ते तपासायला. त्या गुरुवारी तेरावं रीळ संपलं तेव्हा ती बाई हात उंच करून धावत होती, आणि मीही केबिनमध्ये मशिनीला टेकून हसत होतो. मग चौदावं लागलं. माणसं उतरतात. एकेक करून सगळी उतरतात. शेवटी बोटीवरचा आचारी येतो, आणि त्याच्या हातात तिच्या नवऱ्याची पेटी असते. मी मशीन बंद केलं. खाली आपल्या खोलीतून तुझा आवाज येत होता, तू वहिनीला म्हणत होतीस की उद्या नवीन सिनेमा आहे, मी जाऊन बसते जरा.

तुला नको कसं म्हणू? नको म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस, आणि कारण माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. म्हणून मी तुझ्या वहिनीची कापड बेतायची कात्री घेतली. चौदाव्या रिळाच्या शेवटची 'समाप्त'ची पट्टी कापली आणि तेराव्याच्या शेपटाला चिकटवली. चौदावं रीळ डब्यात घालून डबा कोळशाच्या पोत्यामागे ठेवला. मला शिकवणारे म्हातारे ऑपरेटर म्हणायचे की आपण सिनेमा दाखवायचा, सुधारायचा नाही. बावीस वर्षं मी फिल्मची एक चौकटसुद्धा कापली नव्हती. चिकटवताना जोड दोनदा वाकडा बसला.

मला वाटलं होतं, एका खेळापुरतं करू आणि पुन्हा जोडू. पण दुसऱ्या दिवशी तू परत आलीस. आणि गावातल्या बायका एकमेकींना सांगायला लागल्या की शेवटी नवरा येतो, नक्की पाहा. मग मला मागे फिरता येईना. दहा मिनिटं लवकर सुटल्याची तक्रार कुणी करत नाही. परगावच्या एका गृहस्थांनी केली, तर मालक त्यांना म्हणाले की तुम्ही झोपला असाल. तीन आठवड्यांनी मी सगळं होतं तसं जोडून डबे पुढे पाठवले. आणि नंतर कप्तान आले, तेव्हा मी इतका आनंदलो की तुला सांगायचं राहूनच गेलं. मग दरवर्षी राहत गेलं. जितकी वर्षं गेली तितकं तोंड उघडणं जड झालं. तू त्या शेवटाचा किती आधार घेतेस हे दिसायचं, आणि मला वाटायचं की माझ्या बहिणीला मी खोट्या काठीवर चालवतोय.

माझं चुकलं का, ते मला अजूनही ठरवता येत नाही. तुझी माफी मात्र मागतो.

तू सही मागितली होतीस. ही घे. खलाशी बुडतो. पेटी येते. पुरी चौदा रिळं पाहणारा एकच माणूस आपल्या गावात होता, आणि तो मी.

(सही) ऑपरेटर

तुझा,
दादा


३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. तू यायला निघाला होतास, तर येऊ नकोस म्हणून कळवलं. लेकीने वहिनींना फोनवर सांगितलं तेवढंच तुला ठाऊक असेल. आता माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस भांडी आपटत होते. राग कापल्याचा नव्हता. राग याचा होता की एकेचाळीस वर्षं मी अख्ख्या जगाशी त्या शेवटावरून भांडत राहिले आणि तू मजेत छताकडे पाहत बसलास. कप्तानांनी आपलंही कबूल केलं, मग मी दोघांना एकाच माळेचे मणी म्हणून मोकळी झाले. त्यांनी विचारलं, बारा तारखेला जायचं का? मी म्हटलं, जायचं. पुरा पाहायचा.

शाळेच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. कप्तान माझ्या शेजारी. तेराव्या रिळाच्या शेवटी ती हात उंच करून धावली, आणि दादा, मी पिशवी उचलून उभी राहिले. काय करतेय ते मला कळलंच नाही, पायांनीच ठरवलं. पुढच्या रांगेत आणखी दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. आपल्याच गावच्या, सुताराच्या लेकी, लग्न होऊन इकडे आलेल्या! आम्ही तिघी उभ्या, बाकी सगळे बसलेले, आणि पडद्यावर सिनेमा चालूच. त्यांतली थोरली मोठ्याने म्हणाली, अगंबाई, हा संपला कसा नाही? मागून लोक ओरडले, खाली बसा. बसलो.

मग चौदावं रीळ पाहिलं. सगळं पाहिलं. रडले. शेजारी पाहिलं तर कप्तान स्वतःच्या बुडण्याच्या वेळी घोरत होते.

दिवे लागल्यावर मी उभी राहून सांगितलं की तारमास्तरांचं बरोबर आहे आणि माझ्या भावाने शेवट कापला होता. का कापला तेही सांगितलं. सुताराच्या लेकी म्हणाल्या, ते काही आम्हाला सांगू नका, आमच्या गावात तो आला होता. सगळे हसले. तारमास्तर हसले नाहीत. ते उठून माझ्याजवळ आले, आणि त्यांच्या हिशेबाने फार लांब असं वाक्य बोलले. म्हणाले की तीस वर्षं मी आलेली तार आहे तशी लिहून लोकांच्या हाती दिली, एकदाही शब्द बदलला नाही, आणि तुमच्या भावासारखी कात्री आपल्याजवळ असती तर, असं काही दारांत उभं असताना मला फार वाटायचं. तुला नमस्कार सांगितलाय.

सोळा तारखेला कप्तानांना आत नेलं. बाहेर बाकावर मी पाच तास बसले. डोळे मिटले, हात उंच करून पाहिला, पण त्यानंतर काय ते आता मला माहीत होतं, म्हणून हात खाली घेतला. तेव्हा कळलं, धीर म्हणून मी जे इतकी वर्षं वापरत होते तो सिनेमातून आलाच नव्हता. सिनेमाने पेटीच दिली असती. वर केबिनच्या झरोक्यामागे एक माणूस होता, त्याने ठरवलं की माझ्या बहिणीने आज रडायचं नाही, आणि मी नऊ वेळा त्याच्याच पायाशी शेंगा खात बसले होते. दादा, तुझी काठी खोटी नव्हती. एवढं लक्षात ठेव आणि कवळी वाजवत फार विचार करू नकोस.

पाच तासांनी दार उघडलं. नर्स बाहेर आली आणि तिच्या हातात कप्तानांच्या कपड्यांची पिशवी होती. कपडे, चपला, घड्याळ. चौदाव्या रिळात असते तशीच. लेकीने मला धरलं. नर्स म्हणाली, पेशंट शुद्धीवर आलेत, चष्मा मागताहेत, पिशवीत सापडत नाही, तुमच्याकडे आहे का?

माझ्या पर्समध्ये होता. माझ्या हातून पर्सची चेन उघडेना, नर्सनेच उघडली.

पाऊल न टाकण्याची शपथ मोडून परवाच्या रविवारी त्यांना मंडळात नेलं. तारमास्तर आपण होऊन खुर्चीवरून उठले आणि कप्तानांना तिच्यावर बसवलं. मला म्हणाले, गुण माझे, खुर्ची माझी, बसवायचं कुणाला ते मी ठरवणार. मी स्टुलावर बसले. पाठ ताठ राहते, तू म्हणतोस ते खरं.

तेव्हा दादा, या खेपेला झरोक्यात कुणी नव्हतं, कात्री भलत्याच माणसाच्या हातात होती, आणि तरी ते आले. वहिनींचे गुडघे सांभाळून उन्हाळ्यात दोघं इकडे या. आणि तुझा लोभ असू दे, पण आता पुऱ्या चौदा रिळांचा, न कापता.

तुझी,
खारूताई